विशेषणं खोडा, मग आदर्श उरतो का बघा

चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. सगळी फोंडा तालुक्यात, बहुतेक कुळागरांच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांच्या गावांत. या काळात 'माझा आदर्श' हा निबंध किती वेळा तपासला याचा हिशेब ठेवला नाही, पण त्यात काय असतं ते झोपेतून उठवलं तरी सांगेन. शिवाजी महाराज, अब्दुल कलाम, सचिन तेंडुलकर, माझी आई. थोर, महान, कष्टाळू, प्रेमळ. शेवटी "मला त्यांच्यासारखे व्हायचे आहे." नाव बदलायचं, निबंध तोच. एका मुलीने तर आईवर लिहिताना आदल्या वर्षीच्या वहीतला कलामांचा परिच्छेद तसाच उतरवला. तिची आई लहानपणी रामेश्वरमला वर्तमानपत्रं वाटत होती.

मग एका वर्षी चौथीतल्या एका मुलाने पाडेल्यावर निबंध लिहिला. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते. निबंध अर्ध्या पानाचा होता. साधारण असा:

"काका आधी माडाला हात लावतात. मग वर बघतात. वारा असला तर थांबतात. पायात काथ्याचा फास घालतात. कोयता पाठीमागे आकडीत अडकवतात. चढण्याआधी तीनदा ओरडतात, खाली कोणी नसले तरी ओरडतात. वर गेल्यावर नारळावर कोयत्याची पाठ मारून आवाज ऐकतात. कोवळे ठेवतात. सुकलेली चुडते पण काढतात, त्याचे पैसे मागत नाहीत. खाली आल्यावर पाणी पितात आणि नारळ मोजत नाहीत, आजीला मोजायला सांगतात."

संपला निबंध. प्रस्तावना नाही, समारोप नाही, 'मला त्यांच्यासारखे व्हायचे आहे' नाही. मी दहापैकी सहा दिले. तेव्हा मला तेवढीच अक्कल होती. रात्री भाकरी थापताना तो निबंध परत डोक्यात आला आणि लक्षात आलं की त्यात एकही माणूस थोर नाही, महान नाही, कष्टाळूसुद्धा नाही. नुसती क्रियापदं. आणि तरीही त्या पोराला त्या माणसात काय दिसलं ते मला लख्ख कळलं होतं. खाली कोणी नसताना ओरडणं, नारळ मालकिणीला मोजायला लावणं. बाकीच्या एकतीस निबंधांतून मला कुणाबद्दल काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

पुढे वर्गात आणि स्वतःवरही मी जी रीत वापरली ती तिथून सुरू झाली. ती इथे लिहिते आहे. पालकांना उपयोग होईलच, पण खरं म्हणजे मोठ्या माणसांसाठी लिहिते आहे. पोरं निदान निबंधापुरता तरी आदर्श शोधतात. आपण चाळिशीत कॅलेंडरवरचा देव बदलावा तसे आदर्श बदलतो आणि व्हॉट्सअ‍ॅपला डीपी लावून मोकळे होतो.

कागद घ्या

डोक्यात येतील ती चार-पाच नावं लिहा. लाजू नका, जी पहिली येतील ती. प्रत्येक नावापुढे तीन वाक्यं लिहायची. अट एकच, विशेषण चालणार नाही. 'ते प्रामाणिक होते' हे वाक्य बाद. 'त्यांनी पैसे परत केले' चालेल. 'तिची जिद्द' बाद, 'ती तिसऱ्यांदा परीक्षेला बसली' चालेल. म्हणजे तिथे उभं राहिलं असतं तर डोळ्यांनी दिसलं असतं, असं काहीतरी हवं.

बहुतेकांची पहिल्या दोन नावांतच दमछाक होते. ज्याच्याबद्दल तीन वाक्यं लिहिता येत नाहीत तो तुमचा आदर्श नाही, तुमच्या भिंतीवरचं चित्र आहे. चित्र असायला हरकत नाही. फक्त त्याच्याकडून काही शिकतोय असं समजू नका.

मोठी नावं काढून टाका असं मी म्हणत नाही. त्यांच्यावर जरा मेहनत घ्यावी लागते एवढंच. आमच्या तालुक्यातलंच उदाहरण घ्या. केरीच्या गायिका सूरश्री केसरबाई केरकर. गोव्यात कुणालाही विचारा, त्यांच्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगतील, की त्यांचा आवाज अंतराळात गेला. खरंच आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे. त्यातलं व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबरला सुटलं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. अंगावर काटा येतो. पण या गोष्टीतून घेणार काय? मी काही अंतराळात जाणार नाही.

आता हे बघा. केसरबाई लहानपणापासून शिकत होत्या, पण तुकड्यातुकड्याने. कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे, मग इकडे वझेबुवांकडे, पुढे आणखी कुणाकुणाकडे. १९२१ च्या सुमारास, म्हणजे तिशीला टेकल्यावर, त्या जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकायला बसल्या आणि वर्षानुवर्षं बसून राहिल्या. इतकं शिकून झालेलं असताना पुन्हा पहिल्यापासून. हे घेता येतं. मी घेतलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान शिक्षिकेशेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "मला काहीच येत नाही असं समजून शिकव." थोडंफार येत होतं, तरी तसंच म्हटलं. त्यात केरीच्या बाईंचा हात आहे हे तिला ठाऊक नाही.

जवळचं माणूस कसं ओळखायचं

ते बहुतेक वेळा यादीत येतच नाही. ते सुचायला मी तीन प्रश्न विचारते.

पहिला, तुम्ही कुणावर जळता? सभ्य उत्तर नको. ज्याचं कौतुक कानावर पडलं की पोटात दुखतं, त्याच्याकडे तुम्हाला हवं असलेलं काहीतरी असतं. ते काय आहे एवढं शोधायचं. पुष्कळदा ते पैसे नसतातच, ते त्याचं वेळेवर झोपणं असतं.

दुसरा, कुणाचं काम बघत तुम्ही उगाच उभे राहता? आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला यायचा, पहाटे सायकलला मागे टोपली बांधून, भोंगा वाजवत. कुणाला उंडो लागतो, कुणाला पोळी, कुणाला काकणं (ही सगळी आमच्याकडच्या पावांची नावं), आणि कुणाकडे चहा न पिणारा पाहुणा आलाय, सगळं तोंडपाठ. मी खिडकीत नुसती बघत उभी राहायची. पाव घेऊन झाले तरी. वर्गातल्या मुलांच्या घरची माहिती लक्षात ठेवायला मी त्याच्याकडून शिकले, हे मला फार उशिरा कळलं.

तिसरा प्रश्न थोडा अडचणीचा. काम उरकून टाकावंसं वाटतं, कोण बघतंय म्हणून सोडून द्यावंसं वाटतं, तेव्हा कुणाचा चेहरा समोर येतो? तो ज्याचा असेल त्याचं नाव यादीत सगळ्यात वर लिहा.

माझी तीन वर्षांची चूक

माझ्या या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माझ्या पहिल्या शाळेतल्या हेडबाई. मी बावीस वर्षांची, त्या पन्नाशीच्या. खळ केलेली पांढरी सुती साडी, हातात काळी छत्री, आणि आवाज असा की अंगणातला कावळा उडावा. त्यांच्या वर्गातलं पोर तिसरीत जाईपर्यंत घडाघडा वाचायचं. दुसऱ्या गावातले लोक पोरांना तिथे घालायला यायचे.

मी ठरवलं, यांच्यासारखं व्हायचं. साडीला खळ करायला शिकले. छत्री घेतली. आवाज चढवला. त्या टेबलावर पट्टी आपटायच्या, मीही आपटायला लागले. तीन वर्षं हे केलं. माझ्या वर्गातली मुलं वाचायला शिकली नाहीत, गप्प बसायला शिकली. एकदा पहिलीतल्या एका मुलीला फळ्यापाशी बोलावलं आणि ती तिथंच, उभ्या उभ्या, फ्रॉक ओला करून बसली. तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. ते मी अजून विसरलेले नाही, आणि विसरूही नये.

त्याच पावसाळ्यात माझ्या वर्गाचं छप्पर गळायला लागलं, म्हणून मुलांना घेऊन हेडबाईंच्या वर्गात मागे बसले. पंधरा दिवस. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना नीट बघितलं. आवाज त्या दिवसातून दोनदा चढवायच्या, तोही मधल्या सुट्टीत, विहिरीकडे कुणी पळालं तर. एरवी त्या फळ्यापाशी नसायच्याच. भुईवर फतकल मारून कुठल्या तरी पोराच्या शेजारी बसलेल्या असायच्या. समोर नाही, शेजारी. म्हणजे पाटी त्यांना आणि पोराला एकाच बाजूने दिसायची. आणि पाटीला त्या कधी हात लावत नसत. चुकलेल्या अक्षरावर बोट ठेवायचं, थांबायचं. पोराला चूक दिसली की त्यानेच पुसायची. दिसली नाही तर ते अक्षर स्वतः जमिनीवर बोटाने तसंच चुकीचं काढायचं आणि विचारायचं, "माझं बरोबर झालं काय रे?" पोर हसायचं आणि बाईंची चूक दुरुस्त करायचं. मग आपली.

मी तीन वर्षं त्यांची छत्री उचलली होती, आणि त्यांचं शिकवणं भुईवर होतं.

त्यामुळे कुणाकडून काही घ्यायचं तर हे लक्षात ठेवा, की जे लांबून दिसतं ते बहुतेक वेळा कामाचं नसतं. पोशाख, बोलण्याची ढब, ठेवणीतली वाक्यं, पहाटे साडेचारला उठणं (हे तर हल्ली फारच) हे सगळं उचलायला सोपं म्हणून आपण तेच उचलतो. माणूस यशस्वी त्यामुळे होतो की त्याला न जुमानता होतो, हे जवळ बसल्याशिवाय कळत नाही. हेडबाईंच्या पट्टीचा शिकवण्याशी काडीचा संबंध नव्हता. ती त्यांची वाईट सवय होती.

भेटायला जाताना

आदर्श जिवंत असेल आणि हाकेच्या अंतरावर असेल तर त्याच्याबद्दल वाचत बसू नका, जा. गोवा केवढा आहे? उत्तर टोकाच्या पत्रादेवीपासून दक्षिण टोकाच्या पोळेपर्यंत एका दिवसात जाऊन येता येतं. आणि इथे माणसं दार उघडतात. जाताना काहीतरी न्या, निदान केळ्यांचा फणा. शक्य झालं तर त्यांच्या कामाच्या वेळेला जा, मोकळ्या वेळेला नको. मोकळ्या वेळेत माणूस तत्त्वज्ञान सांगतो.

"तुमची प्रेरणा कोण?", "यशाचं रहस्य काय?" हे प्रश्न विचारू नका. त्याला लोक ठरलेली उत्तरं देतात, त्यांचा दोष नाही. मी मुलांना गावातल्या माणसांकडे पाठवायची तेव्हा प्रश्न लिहून द्यायची. काल तुम्ही काय काय केलं? शेवटचं काय बिघडलं, आणि मग काय केलंत? हे काम तुम्हाला कंटाळवाणं कधी वाटतं? तुमच्या हाताखालचा नवीन माणूस पहिली चूक कोणती करतो? हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. मूर्तिकाराला विचारा, सुताराला विचारा, नर्सला विचारा, दहा मिनिटं बोलतील. एका चित्रशाळेत, म्हणजे आमच्याकडे चवथीच्या गणपतीच्या मूर्ती करतात तिथे, मुलांनी हे विचारलं तर म्हातारे मूर्तिकार म्हणाले, नवीन पोरं डोळे आधी रंगवतात. मग बाकीची मूर्ती त्या डोळ्यांसमोर रंगवताना हात कापतो. मुलांनी वहीत लिहिलं, 'डोळे शेवटी'. मी ते अजून भाषण लिहिताना वापरते.

हयात नसलेल्यांच्या बाबतीत निदान त्यांच्या जागी जाऊन यावं. मी सांगे तालुक्यातल्या कुर्डीला गेले होते, मे महिन्यात. दुसऱ्या महिन्यात जाऊन उपयोग नाही, कारण साळावली धरणाच्या पाण्याखाली ते गाव गेलेलं आहे आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की महिनाभर वर येतं. भेगाळलेला चिखल, जांभ्या दगडाचे चौथरे, खोडांचे बुंधे, सोमेश्वराचं देऊळ. वाडे-वालकिणीला जाऊन वसलेली माणसं त्या दिवसांत परत येतात, उत्सव करतात. एक आजी एका चौथऱ्यावर बसून डबा खात होत्या. ते त्यांचं स्वयंपाकघर होतं.

मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या. १९०४ चा जन्म. मोगूबाईंचं नाव मी हजारदा ऐकलं होतं, गानतपस्विनी वगैरे, आणि हे 'तपस्विनी' विशेषणापेक्षाही वाईट, त्यात माणूस दिसेनासा होतो. कुर्डीला उभं राहून पहिल्यांदा डोक्यात आलं ते अंतर. इथून एक बाई, जयश्रीबाई, आपल्या मुलीला गाणं यावं म्हणून बाहेर पडली. नाटक कंपनीत तिला घेऊन गेली. मोगू दहा वर्षांची असताना ही आई वारलीसुद्धा. मुलगी पुढे कंपन्यांत राहिली, तिथूनही बाहेर पडावं लागलं, आणि सांगलीत एकटीच रियाज करत असताना अल्लादिया खाँसाहेबांच्या कानावर तो पडला. हे सगळे जण सांगतात. मला त्यातलं क्रियापद हवं होतं, ते कुर्डीत सापडलं. कंपनी सुटली, शिकवणारं कुणी उरलं नाही, तरी ती गात होती. कुणीतरी ऐकेल म्हणून नव्हे. खाली कोणी नसताना पाडेली ओरडतो, तसं.

कुर्डीहून परतताना गाडीत माझी भाची म्हणाली, "मावशी, तू कसलाही संबंध कसलाही लावतेस." असेल.

माणूस सगळाच घ्यायचा नसतो

हे नीट समजून घ्या, कारण इथेच पुष्कळ जण आदर्श टाकून देतात किंवा आंधळे होतात.

बौद्ध धर्माचे अभ्यासक, सांखवाळचे धर्मानंद कोसंबी माझ्या यादीत आहेत. १८७६ चा जन्म. शाळेचं शिक्षण बेताचं, घरी नारळाची बागायत, ती सांभाळायची. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि हा माणूस पेटला. आधी घरातून निघून परतही आलेला. शेवटी १८९९ साली निघाला तो पुण्याला संस्कृत शिकायला, मग ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, कलकत्ता, सिंहल, ब्रह्मदेश. खिशात पैसे नाहीत, ओळख नाही. अकरा वर्षांनी, १९१० मध्ये, हाच माणूस पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेत हार्वर्डला गेला. मागे फिरून परत निघायचं, हे मी त्यांच्याकडून घेतलं. एकदा निघून परत आलो म्हणजे संपलं असं नाही.

पण ते निघाले तेव्हा घरी बायको होती, बाळाबाई, आणि मांडीवर तान्ही मुलगी, माणिक. मी बाई आहे. त्यांचं आत्मचरित्र वाचताना मी प्रत्येक पानाला विचारत होते, तिकडे सांखवाळला दूध कोण आणतंय? त्या प्रश्नाचं उत्तर बुद्धाच्या शोधाने मिटत नाही. आणि त्या प्रश्नाने त्यांचं पालीचं काम खोटंही होत नाही.

म्हणून वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'घेतलं', उजवीकडे 'नको'. कोसंबींच्या पानावर माझ्याकडे दोन्हीकडे नोंदी आहेत. हेडबाईंच्याही पानावर आहेत. उजवी बाजू कोरी राहिली असेल तर तुम्ही त्या माणसाला अजून नीट बघितलेलं नाही. आणि डावी बाजू कोरी राहिली तर? तर तुम्हाला तो माणूस आवडत नाही, फक्त त्याचं नाव घ्यायला आवडतं.

उजवी बाजू भरायची आणखी एक सोय. उद्या त्या माणसाचं काही वाईट बाहेर आलं (हल्ली रोज कुणाचं तरी येतं) तर तुमचं जग कोसळत नाही. तुम्ही माणूस घेतलेला नव्हता, पाटीला हात न लावणं घेतलं होतं. ते तुमच्याकडेच राहतं.

एकच गोष्ट, आणि ती किती दिवस

घेतलेल्या यादीतून एक क्रियापद निवडायचं. दोन नाही. ते इतकं लहान असावं की उद्या सकाळी करता येईल. 'हेडबाईंसारखं शिकवणं' नाही. 'रोज एका मुलाशेजारी खाली बसणं'. मी चवथीच्या सुट्टीनंतर सुरुवात केली आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत करायचं ठरवलं. दीड-दोन महिने. कॅलेंडरवर टिंब. टिंब राहिलं तर राहिलं, दुसऱ्या दिवशी दोन द्यायची नाहीत.

पहिले आठ-दहा दिवस नाटक केल्यासारखं वाटतं. मला तर गुडघ्यांचंच जास्त लक्षात आहे. मग मध्येच कधीतरी ते आपलं होतं आणि मूळ माणसापेक्षा वेगळं होतं. हेडबाई जमिनीवर चुकीचं अक्षर काढायच्या, मला ते जमेना, माझा अभिनय पोरांना लगेच कळायचा. मी नुसतं विचारायला लागले, "हे वाचून दाखव." चुकलेलं अक्षर वाचताना पोर अडखळायचं आणि स्वतःच पुसायचं.

वेगळं होऊ द्या. गायिका किशोरीताई आमोणकरांना त्यांच्या आईने, मोगूबाईंनीच, शिकवलं. आई ओळ गायची, मुलीने ती परत म्हणायची, दौऱ्यावर मागे तंबोऱ्यावर बसायचं. इतकं हुबेहूब शिकूनही किशोरीताईंचं गाणं आईचं गाणं राहिलं नाही, आणि त्याबद्दल त्यांना कमी ऐकून घ्यावं लागलं नाही. आधी हुबेहूब, मग वेगळं. क्रम उलटा करून चालत नाही, असं मला वाटतं. नक्कल करायची लाज वाटणारी माणसं पुष्कळदा काहीच शिकत नाहीत.

आणि एकनिष्ठ राहण्याची गरज नाही. मंगेशीचे गायक जितेंद्र अभिषेकी आग्रा घराण्याच्या जगन्नाथबुवा पुरोहितांकडे शिकले, अजमत हुसेन खाँसाहेबांकडे शिकले, जयपूर गायकीसाठी गुलूभाई जसदनवालांकडे शिकले. एकाकडून एक. आपल्याकडे नवऱ्यापासून पक्षापर्यंत सगळ्यांत एकनिष्ठता बघतात, ती इथे कामाची नाही.

दिवाळीनंतर बघा. ते क्रियापद आपोआप होतंय का? होत असेल तर पुढचं घ्या. होत नसेल तर सोडा, अपराधी वाटून घेऊ नका. पोदेराची पहाट मी दोनदा घ्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही. उजव्या बाजूला लिहून टाकलं, 'नको, झोप'.

पालकांसाठी, थोडक्यात

"तो बघ शेजारचा कसा अभ्यास करतो." हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याने मूल त्या शेजारच्याचं काही घेत नाही, फक्त त्याला कायमचं नापसंत करतं. मुलाला आपणहून कुणाचं तरी कौतुक वाटतंय असं दिसलं तर तो माणूस तुमच्या दृष्टीने क्षुल्लक असला तरी गप्प राहा आणि एवढंच विचारा, "तो नेमकं काय करतो?" यूट्यूबवरचा कुणी असला तरी हेच विचारा. उत्तर मिळालं तर तुम्हालाच काहीतरी कळेल. नाही मिळालं तर मुलाला कळेल. भाषण देऊ नका, तेवढंच.

आणि मूल तुमच्याकडेच बघत असतं, हे मी सांगायला नको. ते तुमचं काय उचलेल हे मात्र तुमच्या हातात नाही. माझ्या मुलीने माझ्याकडून काय घेतलं विचाराल तर बाजारात पिशवी घडी करून पदराच्या टोकात खोचणं. ती जीन्स घालते, तरी कुठेतरी खोचतेच.

त्या चौथीतल्या निबंधाचं पुढे काय झालं ते राहिलं. तो पाडेली माझ्याकडेही यायचा, माझ्या परसात दोन माड आहेत. पुढच्या खेपेला तो आला तेव्हा मी वही घरी आणून ठेवली होती. तो फास बांधत होता, मी पायरीवर बसून त्याला अख्खा निबंध वाचून दाखवला. त्याने मान वर केली नाही. संपल्यावर म्हणाला, "सकयल्यान कोण पळयता तें म्हाका खंय दिसता?" खालून कोण बघतंय ते मला कुठे दिसतंय. मग वही हातात मागितली, उलटसुलट करून बघितली. अक्षर त्याला फारसं वाचता येत नव्हतं, पण कोपऱ्यातल्या लाल शाईवर त्याचं बोट थांबलं.

"हें कितें?"

"मार्क. दहांतले सहा दिले."

त्याने जरा विचार केला. "आनी चार खंय गेले?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने वही परत दिली, कोयता आकडीत अडकवला, माडाला हात लावला, वर बघितलं. वारा होता. थांबला. मग अंगणात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मीही पायरीवर आडोशाला होते, तरी तीनदा ओरडला.